पाचोळ्याखालचा ताळेबंद

केरळमध्ये वळवाच्या पहिल्या सरी कोसळल्या की रबराच्या बागांलगत राहणारी अनेक कुटुंबे तिन्हीसांजेनंतर घरातील दिवे मालवतात. दिवा दिसताच काळपट रंगाचे लहान भुंगेरे लाखोंच्या संख्येने घरात शिरतात आणि कौले, वासे व छताच्या फटी यांत ठाण मांडतात. पुढे कित्येक महिने ते तेथेच सुप्तावस्थेत राहतात. त्यांचे शास्त्रीय नाव लुप्रॉप्स ट्रिस्टिस. त्रिशूर जिल्ह्यातील मुपली या ठिकाणावरून स्थानिक लोक त्यांना ‘मुपली वंडू’ म्हणतात. हा कीटक चावत नाही वा डंख मारत नाही. मात्र तो चिरडला गेला तर त्याच्या अंगातील द्रावाने त्वचेची आग होते, फोड येतात. त्रासलेली माणसे अखेर कीटकनाशक हाती घेतात आणि सकाळी मृत कीटकांचे ढीग केरात जातात.

जीवदया मानणाऱ्या कुटुंबाला येथे एक प्रश्न पडावा. या हिंसेचा आरंभ नेमका कोठे झाला? फवारणीच्या पंपापाशी, की त्याही पूर्वी, त्या जमिनीवर कोणती झाडे लावायची हे ठरले तेव्हा?

रबराचे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतील अॅमेझॉन खोऱ्यातले. 1902 मध्ये केरळात पेरियार नदीकाठी थट्टेकाड येथे त्याची व्यापारी लागवड सुरू झाली आणि पुढे डोंगरउतारांवर बागा पसरत गेल्या. साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात बागेतील झाडे जवळजवळ एकाच वेळी पाने गाळतात. नंतर फुटलेल्या पालवीतील काही कोवळी पानेही अकाली गळून पडतात. ही कोवळी गळलेली पाने मुपली भुंगेऱ्याचे आवडते अन्न होत. तो पाचोळ्यातच अंडी घालतो आणि त्याच्या अळ्याही तेथेच वाढतात. एकाच प्रकारचे अन्न एकाच हंगामात दूरवर पसरलेले मिळाल्यावर एकाच जातीची संख्या बेसुमार वाढली, तर नवल नाही.

सदाहरित अरण्याची जमीन निराळी असते. तेथे अनेक जातींच्या वृक्षांची पाने वेगवेगळ्या काळात गळतात. कोणते पान लवकर कुजते, कोणते महिनोन्‌महिने टिकते. सावली दाट असल्याने ओल राहते आणि उन्मळून पडलेली खोडे जागेवरच झिजतात. अशा जमिनीवर पाचोळा खाणारे, कुजके लाकूड पोखरणारे, बुरशीवर जगणारे, प्राण्यांचे शेण मातीत गाडणारे आणि इतर कीटकांची शिकार करणारे असे नाना प्रकारचे भुंगेरे नांदतात. जाती पुष्कळ असतात आणि कोणत्याही एका जातीला सारे अन्न बळकावता येत नाही. पानझडी वनात ऊन जमिनीपर्यंत पोहोचते, उन्हाळ्यात पाचोळा वाळतो, म्हणून तेथील भुंगेऱ्यांचा समुदाय पुन्हा वेगळा असतो. वृक्ष बदलले की पायाखालची वस्तीही बदलते.

ही वस्ती मोजताना केवळ बेरीज पाहून भागत नाही. पश्चिम कॅनडातील उत्तरी जंगलांचा एक अभ्यास 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. जंगल सरसकट तोडल्यानंतर तेथे भुंगेऱ्यांच्या जातींची संख्या घटण्याऐवजी वाढलेली आढळली, कारण मोकळ्या जागेत राहणाऱ्या जाती बाहेरून आल्या होत्या. परंतु जुन्या घनदाट वनावाचून ज्यांचे चालत नाही, अशा जाती 27 वर्षांपूर्वी तोड झालेल्या आणि पुन्हा झाडे उगवलेल्या भागातही परतल्या नव्हत्या. व्यापाऱ्याला हे सहज उमगेल. वर्षअखेरीस जमेची बेरीज मोठी दिसली, म्हणजे मूळ भांडवल शाबूत आहे असे होत नाही. बेरजेमागील एकेक नोंद पाहावी लागते.

जैन परंपरेने ही दृष्टी फार पूर्वी दिली आहे. तिने मुंगीला त्रींद्रिय आणि भुंग्याला चतुरिंद्रिय जीव म्हणून गणनेत घेतले, त्यांच्या रक्षणासाठी पाहून पाऊल टाकण्याची ईर्यासमिती सांगितली. त्याहीपुढे जाऊन श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत वनकर्माचा समावेश केला. पायाखाली जीव चिरडू नये एवढ्यावर हा विचार थांबत नाही; उपजीविकेच्या मुळाशी किती हिंसा आहे, हेही तो विचारतो.

रबर लावणाऱ्या शेतकऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. लहान जमिनीवर संसार चालवणाऱ्यांची ती उपजीविका आहे. गेल्या काही दशकांत सिंधुदुर्गातील दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांतही रबराच्या बागा उभ्या राहिल्या आहेत. परंतु जेथे लागवड नफ्यासाठी नसून पुण्यकार्य म्हणून होते, तेथे निवड पूर्णपणे आपल्या हाती असते. वडिलांच्या स्मरणार्थ, दीक्षा महोत्सवानिमित्त किंवा संस्थेच्या जागेवर हजार झाडांचा संकल्प सोडला जातो आणि लवकर वाढते म्हणून एकाच जातीची रोपे ओळीने लावली जातात. फलकावर हजार हा आकडा खरा असतो, पण झाडांखालची जमीन अनेक जीवांना परकीच राहते.

त्याऐवजी त्या परिसरातील स्थानिक वृक्षांच्या अनेक जाती एकत्र लावाव्यात. पाचोळा जाळू नये. पडलेले खोड अडथळा होत नसेल तर जागेवरच राहू द्यावे. महाराष्ट्रातील देवरायांत परंपरेने हेच पाळले गेले. देवाच्या रानातली काटकीही घरी नेऊ नये, हा तेथील नियम होता. आणि हाती थोडाच निधी असेल, तर नवी बाग उभारण्याआधी जवळचे जुने रान टिकते आहे का, हे पाहावे. रोपे पुढल्या पावसाळ्यातही लावता येतात. जुन्या रानाच्या सावलीत जगणारे जीव एकदा गेले की एका पिढीच्या काळात परत येतीलच, असे नाही.