एका स्लाइडवर एकच गोष्ट

वर्गासाठी स्लाइड कशा कराव्यात, हे आज कोलकात्याच्या गार्डन रीचच्या धड्यावरून पाहू.

माहिती भरपूर आहे. आपल्या नागपूरचं नाव लावणाऱ्या बंगाल-नागपूर रेल्वेचं मुख्यालय इथे होतं. आता दक्षिण पूर्व रेल्वेचं आहे. 1856 मध्ये राज्य गेल्यावर अवधचे नवाब वाजिद अली शाह जवळच्या मटियाबुर्जला येऊन राहिले. स्वतंत्र भारतात बांधलेली पहिली युद्धनौका, 1961 ची 'अजय', इथल्याच कारखान्यातली.

हे सगळं एकाच स्लाइडवर कोंबलंत, तर मुलं उतरवून घेत बसतात आणि ऐकायचं राहून जातं. म्हणून आधी फक्त हुगळी नदीचा नकाशा दाखवा. विचारा, "जहाजं इथेच का बांधत असतील?" आणि थांबा. समुद्राकडे जाणारी नदी मुलांनाच सापडू द्या. मग एका स्लाइडवर एकच चित्र, खाली एक ओळ.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधली मराठी दुसऱ्या संगणकावर गिचमिड होते. शेवटच्या बाकावर बसून स्वतः वाचून पाहा.

आणि तोच नकाशा खडूने फळ्यावर काढायचा सराव ठेवा. वीज गेली तरी तास थांबता कामा नये.