भरल्या हाताचं माहेर

बांगडी पिचली तर आपण ती ‘फुटली’ म्हणत नाही, ‘वाढली’ म्हणतो. इतकं जपणारी आपली भाषा नवरा गेलेल्या बाईपाशी मात्र कठोर होते. तिच्या बांगड्या फोडतात, तेही चारचौघींसमोर.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका महिला मंडळाने एकट्या आयांसाठी ठेवलेल्या माहेरपणाला गेले होते. सकाळी डोक्याला तेल, ऊन पाण्याने न्हाणं, मग पुरणपोळीचं आयतं ताट. सगळ्यात मोठी रांग होती कासारणीपुढे. खुरप्याने घट्टे पडलेला एक हात तिने मांडीवर घेतला, बोटं जुळवली, अंगठ्याखालचा उंचवटा दाबला. ‘सैल सोड गं माय.’ हात सैल सुटेना. बाईने आधी तपकिरी बांगड्या मागितल्या होत्या. मग हिरव्यांवर बोट ठेवून हळूच विचारलं, ‘पोरीच्या लग्नात घातल्या तर चालतील का?’

लेकीला एकटीने वाढवणारी आई तिच्याच हळदीला मागे उभी राहते, हे मला सहन होत नाही.

एकट्या आईला आधार देण्याचं काम महाराष्ट्राला नवं नाही. 1863मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांना तिथे निर्धास्त बाळंत होता येई. तशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. बाळंतपण म्हणजे माहेरचा मान; तो या बायकांना त्या घराने दिला, असं मी मानते. नवऱ्याने टाकलेल्यांचा प्रश्न 1988 साली संगमनेरच्या परित्यक्ता परिषदेने चव्हाट्यावर आणला. अ‍ॅड. निशा शिवूरकर तेव्हापासून तो लढत आल्या आहेत. मे 2022मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं.

पण नुसता मान पोट भरत नाही. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला 1500 रुपये मिळायचे, तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000च्या आत हवं, अशी अट कित्येक वर्षं राहिली. म्हणजे महिन्याला 1750 रुपये! रोजाने खुरपायला जाणारी बाईही त्यात बसायची नाही. विधवेकडे निदान मृत्यूचा दाखला असतो. टाकलेल्या बाईने कुठला कागद आणायचा? तलाठ्याकडे एक खेप म्हणजे एक रोज बुडाला.

म्हणून या माहेरपणात मला आवडलं ते कोपऱ्यातलं टेबल. मंडळातली एक निवृत्त शिक्षिका तिथे मुलांच्या बालसंगोपन योजनेचे अर्ज भरून देत होती. लाड आणि कागद एकाच मांडवात. ताट वाढणारीच उद्या तहसीलला सोबत येणार होती.

कासारणीने उत्तर दिलंच नाही. डझनभर हिरव्या भरल्या आणि वर एक जास्तीची चढवली. दुपारी ती बाई टेबलाशी आली. सही करताना बांगड्या कागदावर खळखळल्या. तिने दुसऱ्या हाताने त्या मागे सारल्या आणि नाव पूर्ण लिहिलं.