बायोप्सीच्या रिपोर्टमधला ‘हर-टू’

वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करताना स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या फाइली आमच्याकडे येतात. ‘कॅन्सर’ हा शब्द दिसला की घरचे पुढचे वाचतच नाहीत. औषध कोणते चालेल, हे मात्र बरेचसे पुढच्या तीन नोंदींवर ठरते: ईआर, पीआर आणि हर-टू.

आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे रिसेप्टर असतात. बाहेरचा निरोप घेऊन आत पोचवायचा, हे त्यांचे काम. हर-टू हा त्यातलाच एक, निरोगी पेशींवरही असणारा. (ईआर, पीआर मुख्यतः पेशीच्या आत, केंद्रकात असतात.) स्तनाच्या साधारण १५ ते २० टक्के कर्करोगांत हर-टूची पेशीवर गर्दी होते आणि ‘वाढत राहा’ हा निरोप थांबतच नाही. अशा रुग्णांत आजार लवकर उलटतो, हे डेनिस स्लॅमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवले.

पण शत्रूचा पत्ताही तिथेच मिळाला. ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड हर-टूला बाहेरून चिकटते, निरोप अडवते आणि शरीराच्या संरक्षक पेशींना तिथे बोलावते. अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये मंजुरी मिळाली. हर-टूची गर्दी नसेल तर हे औषध देऊन उपयोग नाही. शिवाय हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून उपचाराआधी आणि मध्येमध्ये इको करतात.

रिपोर्टमध्ये ० किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ म्हणजे निकाल लागलेला नाही, ‘फिश’ ही पुढची चाचणी हवी. आमच्या पाहण्यात माणसे गळतात ती इथेच. फिशचा खर्च वेगळा, म्हणून फाइल २+ वरच थांबते आणि लागू पडू शकणारे औषध विचारातच येत नाही.

औषधही महागच. रोश कंपनीने २०१३ मध्ये भारतातील पेटंट सोडले, २०१४ पासून बायोकॉनचे बायोसिमिलर बाजारात आले. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ट्रास्टुझुमॅबला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. तरी सुरुवातीच्या टप्प्यातल्या आजारात ते साधारण वर्षभर द्यावे लागते. रोजंदारीच्या घराला हे कसे झेपणार?

म्हणून रुग्णासोबत जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी समाजसेवा अधीक्षकांना आणि आरोग्यमित्रांना थेट विचारावे: फिश आणि हे औषध कोणत्या योजनेत बसते? गाठीचा मेणातला ब्लॉक लॅबमध्ये जपलेला असतो. फिश सहसा त्यावरच होते, पुन्हा सुई टोचावी लागत नाही.