बॉल आणि वाटी

‘आजीला बॉल बसवला’ हे वाक्य महाराष्ट्रात आता कोणाला समजावून सांगावे लागत नाही. बाथरूममध्ये पाय घसरणे, खुब्याजवळ हाड मोडणे, ऑपरेशन, मग वॉकर, हा क्रम घराघरात पाठ झाला आहे. मोडलेल्या हाडापुरता नुसता बॉल बदलला तरी बहुधा भागते. सांधाच झिजला असेल तर बॉल ज्यात फिरतो ती वाटीही बदलावी लागते, आणि गेली साठ-सत्तर वर्षे सर्जनांना छळले ते या वाटीने.

बॉल कशाचाही करता येतो, असे जुन्या हकिकती वाचून वाटू लागते. बर्लिनच्या थेमिस्टोक्लीस ग्लुक यांनी १८९० च्या सुमारास हस्तिदंताचे सांधे बसवले होते. त्यानंतर सत्तर वर्षांनी मंडालेच्या डॉ. सान बॉ यांनीही हस्तिदंतच हाती घेतला आणि तीनशेहून अधिक रुग्णांना त्याचे बॉल बसवले. बॉस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी १९२३ मध्ये हाडाच्या डोक्यावर काचेची टोपी चढवून पाहिली, ती फुटली. पॅरिसच्या ज्यूडे बंधूंनी १९४६ मध्ये अ‍ॅक्रिलिकचा बॉल आणला, आणि त्यातूनच खरी गोष्ट सुरू झाली. तो बॉल बसवलेला एक रुग्ण इंग्लंडात जॉन चार्नली यांच्याकडे आला. जेवताना तो पुढे वाकला की खुबा असा करकरे की त्याची बायको टेबलावरून उठून जाई.

दुसरा एखादा सर्जन हसून सोडून देता. चार्नली त्या आवाजामागे लागले. करकर म्हणजे घर्षण. निसर्गाच्या सांध्यात कूर्चा कूर्चेवरून बर्फावरल्यासारखी सरकते. तेव्हा वाटीही तितकीच निसरडी हवी, असा त्यांनी हिशेब मांडला. निसरडे म्हटल्यावर टेफ्लॉन आठवणे साहजिकच होते. १९५८ पासून लँकेशायरमधल्या रायटिंग्टन रुग्णालयात, म्हणजे एकेकाळच्या क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात, त्यांनी टेफ्लॉनच्या वाट्या बसवायला सुरुवात केली. वर्षानुवर्षे लंगडणारी माणसे चालू लागली. सुमारे तीनशे जणांना या वाट्या बसल्या.

दोन-तीन वर्षांत त्या झिजल्या. सांध्याभोवती चीजसारखा पांढरा लगदा साचू लागला आणि आजूबाजूचे हाड खाल्ले जाऊ लागले. निसरडे असणे आणि टिकाऊ असणे या दोन निराळ्या गोष्टी, हे समजायला तीनशे खुबे खर्ची पडले. चार्नली यांनी त्या वाट्या पुन्हा उघडून काढायला घेतल्या. मग टेफ्लॉन शरीरात काय करते ते पाहायला त्यांनी स्वतःच्याच मांडीत त्याचे तुकडे घातले. त्यांच्याभोवती गाठी आल्या, तेही त्यांनी छापून टाकले. कारकिर्दीतली सर्वांत मोठी चूक इतक्या उघडपणे मांडणारे सर्जन फार नसतील.

१९६२ च्या मे महिन्यात एक विक्रेता रायटिंग्टनला आला. लँकेशायर म्हणजे कापडगिरण्यांचा मुलूख, आणि त्याच्या पिशवीत मागांच्या गिअरना लागणारे नवे प्लॅस्टिक होते: पॉलिएथिलिन, नेहमीच्यापेक्षा कितीतरी लांब साखळीचे. चार्नली यांनी त्यात अंगठ्याचे नख रोवून पाहिले आणि हे चालायचे नाही म्हणून परदेशी निघून गेले. कार्यशाळेतले तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र तो तुकडा झिजवण्याच्या यंत्रावर चढवला. टेफ्लॉन एका दिवसात जितके झिजे तितके हे तीन आठवड्यांतही झिजले नव्हते. साहेबांनी नाकारलेली वस्तू साहेबांच्या पश्चात यंत्रावर लावणारा माणूस प्रत्येक कार्यशाळेत असायला हवा! नोव्हेंबर १९६२ मध्ये त्या प्लॅस्टिकची पहिली वाटी बसली. दांड्यावरचा बॉल सुमारे २२ मिलिमीटरचा, मुद्दाम लहान, म्हणजे घर्षण कमी. सगळे जागी धरायला दंतवैद्यांच्या कवळीचे अ‍ॅक्रिलिक, सिमेंट म्हणून. हे सिमेंट चिकटवत नाही. भिंतीतली खुंटी भोवती चुना भरून घट्ट करावी, तसे फटीत बसून घट्ट धरते.

तरीही सत्तरच्या दशकात काही रुग्णांची हाडे इम्प्लांटभोवती विरघळू लागली. दोष सिमेंटवर आला. ‘सिमेंटचा आजार’ असे त्याचे नावही पडले. म्हणून हाड आत वाढून पकड घेईल असे खरबरीत, बिनसिमेंटचे इम्प्लांट निघाले. हाडे तरीही विरघळलीच. गुन्हेगार होती वाटीच. तिची डोळ्यांना न दिसणारी भुकटी शरीराच्या भक्षक पेशी गिळत आणि त्या भानगडीत हाड खरवडले जाई. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सर्गाने साखळ्या एकमेकींत गुंफलेले कणखर प्लॅस्टिक आले, तेव्हा हे बरेच आवरले.

एव्हाना आपल्याकडे गुडघ्याचे दिवस आले होते. ऑक्टोबर २००० मध्ये अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडीत बदलला गेला आणि पुढच्या वर्षी उजवा. शस्त्रक्रिया केली न्यूयॉर्कच्या डॉ. चित्तरंजन राणावत यांनी. आजच्या गुडघ्याचा मूळ आराखडा सत्तरच्या दशकात तयार करणाऱ्यांपैकी ते एक. पंतप्रधानच करून घेतात म्हटल्यावर मध्यमवर्गाची भीड चेपली. पुढे २०१७ मध्ये सरकारने किमतीला वेसण घातली आणि सर्वाधिक वापरातल्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची मर्यादा ५४,७२० रुपयांवर आणली.

खुब्यात मात्र जुनी चूक नवा वेष घेऊन परतली होती. प्लॅस्टिक झिजते ना, मग वाटीही धातूची करा. बॉल मोठा घ्या, निखळायची भीती नाही. तरुणांना तर उत्तमच. या मांडणीवर डीप्यू कंपनीचा एएसआर खुबा जगभर विकला गेला. धातूवर धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरले. ऑस्ट्रेलियात प्रत्येक सांध्याची नोंद ठेवणारी राष्ट्रीय वही होती. पुन्हा ऑपरेशन करावे लागण्याचे प्रमाण वाढल्याचे तिथे लवकर दिसले. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो खुबा जगभरातून परत बोलावला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत पोलिसांकडे तक्रार दिली. भारतात या खुब्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि त्यातल्या बहुतेक रुग्णांचा माग लागेना. कोणाला काय बसवले याची वहीच नव्हती.

चार्नली यांनी ती वही माणसांच्या शरीरातच ठेवली होती. मृत्यूनंतर आपला खुबा तपासायला परत द्यावा, अशी विनंती ते रुग्णांना करत. अनेकांनी ती मानली आणि वीस वर्षे चाललेल्या वाट्या रायटिंग्टनच्या टेबलावर परत आल्या.

आपल्याकडे निदान स्टिकर असतात. ऑपरेशननंतर बॉल, वाटी आणि दांडा यांच्या खोक्यांवरचे, कंपनी आणि क्रमांक छापलेले छोटे स्टिकर फाइलमध्ये चिकटवले जातात. एक्स-रेच्या मोठ्या पाकिटामागे, कपाटावर, विम्याच्या कागदांखाली ती फाइल कुठेतरी पडलेली असते.