रोजच्या कामाची बुलेट

गेल्या महिन्यात शेजारचा मुलगा मला विचारायला आला. "काका, बाबांची बुलेट रोज हापिसला न्यावी म्हणतो. जमेल का?" गाडी १९८६ सालची, साडेतीनशे सीसीची. वडील गेल्यापासून बोळात ताडपत्रीखाली उभी. मुलाने आजवर हलक्या, नव्या गाड्याच चालविलेल्या. प्रश्न साधा होता, पण माझी स्वतःची बुलेट विकूनही पंधरा वर्षे झाली होती. तेव्हा उत्तर देण्याआधी मी ती फटफटी आठ दिवस मागून घेतली. तेल बदलले, टायर नवे घातले आणि निघालो.

बुलेट हे नाव इंग्लंडातले, १९३२ सालचे. आपल्याकडे १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली. मूळ इंग्रजी कारखाना १९७० मध्ये बंद पडला, पण मद्रासची गाडी चालूच राहिली. एके काळी साडेतीनशेची गाडी म्हणजे भारी गाडी. आता सहाशेपन्नासची गाडीही रस्त्यावर दिसते, म्हणून हिला मधल्या वजनाची म्हणायचे.

हिचा स्वभाव समजायला दोन आकडे पुरेत. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. गुणाकार करून पाहा, ३४६ घनसेंटिमीटर भरतात. धाव लांब, चक्र जड, त्यामुळे इंजिन सावकाश फिरते आणि सावकाश फिरतानाच जोर देते. त्या 'धुग् धुग्'चे गुपित एवढेच. चार धावांचे एकच सिलिंडर, म्हणून दोन फेऱ्यांमागे एक भडका; दोन भडक्यांमधली उसंत कानाला कळते. (सायलेन्सर काढून गल्ली उठविणारांना तो आवाज कळलाच नाही, असे माझे मत आहे.)

सुरू करायची एक रीत आहे. ताकदीचे ते काम नाही. पेट्रोलची चावी उघडा, किल्ली फिरवा आणि किक हळूच दाबत अॅमीटरच्या काट्याकडे बघा. काटा मध्यावर आला की दट्ट्या वरच्या टोकाशी आला. मग डाव्या हाताचा डिकॉम्प्रेसर दाबून किक जराशी पुढे न्या, डिकॉम्प्रेसर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग शरीराचा भार देऊन एकच लाथ. हे न करता नुसती धडाधड किक मारलीत, तर ठिणगी दट्ट्या वर चढतानाच पडते आणि किक उलटी येते. घोटा सुजवून घेतलेले पुष्कळ लोक मला ठाऊक आहेत. त्यांत मी एक.

गावात ती कशी वागते? सिग्नलला तिचे वजन जाणवते, हाताला क्लच जड लागतो. पण एकदा चाल धरली की वरच्या गिअरमध्ये चाळीसवर खुशाल चालते, कुरकुरत नाही. मागे सौ. बसल्या, पिशवीत दहा किलो ज्वारी, तरी फरक पडला नाही. दूधवाले हिला दोन्ही बाजूंनी कॅन लावून वापरत ते उगाच नव्हे. सत्तरपुढे मात्र हँडल आणि पायटे इतके थरथरतात की हाताला मुंग्या येतात. पन्नास ते साठ ही हिची खरी चाल. पेट्रोल मला लिटरला पस्तिसाच्या आसपास पडले.

पाचगणीला जाताना पसरणी घाट बहुतेक तिसऱ्यातच चढलो. उतरताना मात्र माझी परीक्षा झाली. ह्या जुन्या गाडीचा गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला. नव्या गाड्यांत नेमके उलटे. वळणावर म्हशी आडव्या आल्या आणि पंधरा वर्षांची सवय उसळली. उजवा पाय खाली गेला. हिचा पहिला गिअर वर आणि बाकीचे तीन खाली, म्हणजे ब्रेक लागण्याऐवजी गाडी तिसऱ्यातून चौथ्यात गेली! घाबरून क्लच दाबलेला होताच, तेव्हा इंजिनाची धरही सुटली. पुढच्या ब्रेकने आणि उशिरा आठवलेल्या डाव्या पायाने गाडी म्हशीच्या शेपटीशी थांबली. वर हे ड्रमचे ब्रेक. उतारावर सारखे दाबून ठेवले की तापतात आणि पकड सोडतात. म्हणून उतार दुसऱ्या गिअरमध्येच, इंजिनाच्या धरेवर उतरावा.

२०२३ साली आलेली नवी बुलेट ह्या बाबतीत निराळी आहे. ३४९ सीसी, बटणावर सुरू होते, गिअर डावीकडे, पुढे डिस्क ब्रेक, चाक अडकू न देणारी एबीएसची योजना आणि थरथर मारणारा तोलदंड. वजन मात्र सुमारे १९५ किलो. निव्वळ कामासाठी गाडी हवी असेल तर तीच घ्यावी, हे मी मुलाला स्पष्ट सांगितले. पण तो काही नवी गाडी मागत नव्हता.

तेव्हा मी त्याला तीन अटी घातल्या. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी नव्याने करून घ्यायची असते, ती तपासून घे. ब्रेकचे लायनर बदल. आणि महिनाभर दुसरी कोणतीही गाडी चालवायची नाही, कारण पायाला एका वेळी एकच भाषा येते. सध्या तो पहाटे शाळेच्या रिकाम्या मैदानात फेऱ्या मारतो. मी मध्येच "म्हैस!" म्हणून ओरडतो. परवा दहापैकी सात वेळा डावा पाय खाली गेला. दहाच्या दहा वेळा जाईल त्या दिवशी हापिसला जा, असे ठरले आहे.