हवा न सोसणारा जिवाणू

फिकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी हे नाव उच्चारताना जीभ अडखळते, पण निरोगी माणसाच्या मोठ्या आतड्यात हा जिवाणू सहसा मुबलक असतो. एकूण जिवाणूंच्या साधारण पाच टक्के. जुन्या वर्गीकरणात तो भलत्याच गटात होता. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या रॉवेट संस्थेतील सिल्व्हिया डंकन, हॅरी फ्लिंट आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये त्याला स्वतंत्र प्रजातीत (जीनसमध्ये) ठेवलं.

त्याला वाढवणं जिकिरीचं. उघड्या हवेत तो काही मिनिटांत मरतो, म्हणून प्राणवायू काढून टाकलेल्या नळ्यांतच त्याची पैदास करावी लागते. शिवाय त्याला अ‍ॅसिटेट लागतं, जे बायफिडोबॅक्टेरियासारखे शेजारी तयार करतात. त्यांच्या उष्ट्यावर याची पंगत! बदल्यात तो ब्युटिरेट बनवतो. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन हेच, आणि दाह आटोक्यात ठेवायलाही ते मदत करतं.

क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या विकारात शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्यात हा जिवाणू कमी होता, त्यांचा आजार पुन्हा उसळण्याची शक्यता जास्त दिसली, असं 2008 मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखवलं. अर्थात कमतरता हे आजाराचं कारण की परिणाम, हे त्यातून ठरत नाही.

दह्यातून तो मिळत नाही. तिथले लॅक्टोबॅसिलस वेगळे. ओट्स, ज्वारी, कडधान्यं, भाज्या यांतल्या तंतूंवर मात्र ही सगळी वस्ती पोसली जाते. तंतू हळूहळू वाढवावेत, नाहीतर पोट फुगतं. आतड्याचा विकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.