पायात रॉड टाकला, आता पुढे काय?

तळेगाव दाभाड्याजवळ जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर स्कूटर घसरते, ‘ह्यां’च्या मांडीचं हाड मोडतं. “रॉड टाकावा लागेल, सही करा,” डॉक्टर म्हणतात आणि पोटात गोळाच येतो! त्यात कुणीतरी हाडवैद्याकडून चोळून घ्यायला सुचवतंच. भगिनींनो, मोडलेलं हाड मुळीच चोळू नये.

जर्मनीत डॉ. कुंट्शर यांनी १९३९ साली मांडीच्या हाडाच्या पोकळीत पोलादी सळई बसवली. तोच हा रॉड. आता त्याला वर-खाली आडवे स्क्रू लावतात; त्यामुळे हाड आखूड होत नाही, फिरत नाही. पायाला वजन बांधून महिनोन्‌महिने पडून राहणंही टळतं.

पण रॉड हा नुसता आधार. जुळतं ते हाडच, आणि त्याला बहुधा तीन ते सहा महिने लागतात. तोवर डॉक्टर सांगतील तेवढाच भार द्यावा. गुडघा मात्र त्यांनी दाखवल्याप्रमाणे हलवत राहावा. विडी, तंबाखू, मिश्री बंद! त्यांनी हाड जुळायला उशीर लागतो. ताप आला, जखम वाहू लागली, पोटरी सुजली किंवा धाप लागली, तर लगेच दवाखाना गाठावा.

सही करताना हात कापला तरी चालेल. नंतरची काळजी घेताना मात्र मन खंबीर हवं.